चतुराची लांबी आणि वेग यांचा मेळ का बसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नेरुळच्या धारण तलावावर प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी तुम्ही चतुर आणि टाचण्या (चतुरांचे काडीसारखे बारीक नातलग) मिळून २२ कीटकांची लांबी आणि उडण्याचा वेग नोंदवला. जितका लांब तितका वेगवान, असे दिसेल अशी अपेक्षा होती. आलेखावर मात्र ठिपके कसेही विखुरले. त्यातच पिवळ्या-काळ्या पंखांचा एक चांगला मोठा दिसणारा चतुर फुलपाखरासारखा भिरभिरत होता आणि त्याच्यापेक्षा लहान चतुर बाणासारखे जात होते. म्हणून तुम्ही विचारलेत, की आकाराचा आणि उड्डाणाचा काही संबंध आहे की नाही?

संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. तुमच्या आलेखात तो दिसला नाही, कारण लांबी हे चतुराच्या आकाराचे फार फसवे माप आहे. हवेला लांबीशी घेणेदेणे नसते. किती वजन, किती पंखावर तोलले आहे आणि त्या पंखाची रुंदी मुळाशी आहे की टोकाकडे, या गोष्टींवर उड्डाण ठरते.

लांबी का फसवते, ते तुमच्याच तलावावर बघता येईल. काठच्या गवतात पिवळीधमक टाचणी असते, सेरियाग्रिऑन कोरोमांडेलियानम. डोक्यापासून उदराच्या टोकापर्यंत ती साधारण साडेतीन सेंटिमीटर भरते. गटारापासून तलावापर्यंत सगळीकडे दिसणारा नारिंगी चतुर ब्रॅकिथेमिस कंटामिनाटा जेमतेम ३ सेंटिमीटरचा. तुमच्या तक्त्यात टाचणी ‘मोठी’ ठरली असणार. पण तिचे उदर काडीसारखे आणि वक्ष अगदी लहान, त्यामुळे वजनाला ती त्या चतुराच्या आसपासही पोहोचत नाही. उलट तुमचा तो पिवळ्या-काळ्या पंखांचा चतुर, वर्णनावरून तरी रायोथेमिस व्हेरिगाटा, मोठा वाटतो तो पंखांमुळे. त्याचा मागचा पंख उदरापेक्षा लांब असतो आणि रुंदीलाही भरपूर असतो. शरीर मात्र लहान आणि हलके. हिरवट-काळ्या पट्ट्यांच्या ऑर्थेट्रम सबिनामध्ये मागचा पंख आणि उदर जवळपास सारख्याच लांबीचे असतात. म्हणजे लांबीच्या एकाच रकान्यात तुम्ही तीन निरनिराळ्या बांधणीचे कीटक एका रांगेत उभे केलेत.

आता वजनाचा हिशोब. एखादा चतुर सर्व बाजूंनी नेमका दुप्पट झाला अशी कल्पना करा. पंखांचे क्षेत्रफळ चौपट होईल, वजन आठपट. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पडणारा भार दुप्पट होईल. या भाराला मी पंखभार म्हणतो: वजन भागिले चारही पंखांचे एकूण क्षेत्रफळ. हवेतून मिळणारी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून पंखभार दुप्पट झाला की हवेत टिकायला लागणारा वेग १.४ पट होतो. आकार आणि वेग यांचा खरा दुवा हा आहे. लक्षात घ्या, हा किमान वेग आहे. जड चतुराला वेगात राहावे लागते. हलक्याला सावकाश जाण्याची मुभा असते.

आकडे घालून पाहू. समजा, पँटाला फ्लॅवेसेन्स या चतुराचा एखादा नमुना ३०० मिलिग्रॅमचा आहे आणि त्याच्या चार पंखांचे क्षेत्रफळ १५०० चौरस मिलिमीटर भरले. वजनाचे बल ०.००२९४ न्यूटन, क्षेत्रफळ ०.००१५ चौरस मीटर, म्हणजे पंखभार जवळपास २ न्यूटन प्रति चौरस मीटर. उचल-गुणांक (पंख किती उचल देतो ते सांगणारा आकडा) १ आणि हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर धरली, तर पंख न हलवता तरंगायला सेकंदाला १.८ मीटर वेग लागेल. आता समजा अ‍ॅनॅक्स या मोठ्या चतुराचा नमुना १ ग्रॅमचा आहे आणि त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ २१०० चौरस मिलिमीटर. त्याचा पंखभार सुमारे ४.७ आणि किमान तरंगण्याचा वेग सेकंदाला २.८ मीटर. हे आकडे हिशोबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत. तुमच्या प्रकल्पात तुमच्याच नमुन्यांचे आकडे घाला. रायोथेमिसचे कोडे इथेच सुटते. रुंद पंखांवर हलके शरीर म्हणजे पंखभार कमी, म्हणून इतक्या हळू उडूनही तो खाली येत नाही. त्याच कारणाने वाऱ्याची झुळूक आली की तो पटकन बाजूला ढकलला जातो.

यानंतर पंखाचा घाट. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे, पण बहुतेक प्रकल्पांत ‘पंख रुंद’, ‘पंख अरुंद’ एवढ्यावरच ती सोडून दिली जाते. पंख मारताना तो बिजागरीभोवती फिरतो. मुळाजवळचा भाग जवळजवळ जागच्या जागी असतो, टोक सर्वांत वेगात फिरते. तेव्हा पंख मारत एकाच जागी थांबून राहणाऱ्या किंवा अगदी हळू उडणाऱ्या कीटकाला मुळाजवळच्या रुंदीचा उपयोग फारसा होत नाही. तिथे हवेचा वेगच नसतो. त्याला क्षेत्रफळ हवे मधल्या भागापासून टोकाकडे. टाचणीचा पंख पाहा: मुळाशी देठासारखा निमुळता, पुढे रुंद. देठामुळे पंख पिळायलाही सोपा जातो, म्हणून ती गवताच्या दाट पात्यांमधून पुढे, मागे, वर, खाली सहज सरकते.

तरंगताना मात्र पंख स्थिर असतो आणि सगळा कीटक पुढे जात असतो. मुळापासून टोकापर्यंत हवेचा वेग सारखाच. मग मुळाजवळचे क्षेत्रफळ तितकीच उचल देते आणि शिवाय ते अंगालगत असल्याने पंखावर वाकवणारा ताणही कमी पडतो. पँटालाचा मागचा पंख मुळाशी इतका पसरट का, याचे उत्तर यात आहे. ट्रॅमिया या चतुरांचा मागचा पंखही तसाच. पावसाळा सरताना ठाण्या-नवी मुंबईच्या मैदानांवर, इमारतींच्या गच्च्यांवर जे पिवळसर चतुर झुंडीने, क्वचितच पंख मारत फिरताना दिसतात, ते बहुतेक पँटाला. हीच जात भारतातून मालदीववरून पूर्व आफ्रिकेकडे समुद्र ओलांडून जाते. चार्ल्स अँडरसन यांनी मालदीवमधल्या नोंदींवरून २००९ मध्ये तो मार्ग मांडला. इतके अंतर केवळ पंख मारून पार होत नाही. उंचावरचा अनुकूल वारा आणि तरंगायला साजेसा पंख, दोन्ही लागतात.

टाचणी म्हटली की देठवाला पंख, असे सरसकट लिहू नका. सह्याद्रीतल्या ओढ्यांवरच्या न्युरोबेसिस चायनेन्सिसच्या पंखाला देठ नसतो, तो मुळापासून रुंद असतो. त्याच्या नराचा मागचा पंख हिरवा झळाळता असतो आणि प्रदर्शन करताना तो पुष्कळदा पुढच्या पंखांवर उडून मागचे जवळपास स्थिर धरतो. पंखाचा घाट फक्त उड्डाणासाठी घडलेला नसतो. जोडीदाराला दिसणे, प्रतिस्पर्ध्याला धमकावणे हेही त्यात असते. रायोथेमिसच्या रंगीत पंखाबाबतही हे ध्यानात ठेवा.

घाट आकड्यात मांडायचा तर सोपी रीत अशी. पंखाचे मुळापासून टोकापर्यंत समान लांबीचे ४ पट्टे पाडा आणि प्रत्येक पट्ट्यात एकूण क्षेत्रफळाच्या किती टक्के येते ते काढा. मुळाकडून १०, २५, ३५, ३० असे आले तर तो देठवाला पंख. ३३, ३२, २३, १२ असे आले तर मुळाशी पसरट. एकच आकडा हवा असेल तर प्रत्येक पट्ट्याच्या मध्याचे मुळापासूनचे अंतर पंखाच्या लांबीच्या अपूर्णांकात घ्या, म्हणजे ०.१२५, ०.३७५, ०.६२५, ०.८७५. त्याचा वर्ग करा, त्या पट्ट्याच्या वाट्याने गुणा, चारही बेरजेत घ्या आणि वर्गमूळ काढा. पहिल्या उदाहरणात ०.६३ येईल, दुसऱ्यात ०.४८. आकडा जितका मोठा, तितके क्षेत्रफळ टोकाकडे. पुढचा आणि मागचा पंख वेगवेगळा मोजा. चतुरांमध्ये दोघांचा घाट सारखा नसतो आणि दोन्हींची सरासरी घेतली तर नेमका तोच फरक पुसला जातो.

चार पंखांबद्दल आणखी एक गोष्ट. माशी किंवा मधमाशी वक्षाची पेटी दाबून-फुगवून पंख हलवते. चतुरांचे उड्डाणाचे स्नायू थेट पंखांच्या मुळांना जोडलेले असतात, त्यामुळे प्रत्येक पंख स्वतंत्रपणे हाताळता येतो. साध्या उड्डाणात पुढची आणि मागची जोडी मागेपुढे चालते, तर झटकन वेग घ्यायचा किंवा सरळ वर उसळायचे असेल तेव्हा दोन्ही जोड्या एकत्र हलतात. म्हणून एकच चतुर दोन मिनिटांत दोन वेगळ्या तऱ्हांनी उडताना दिसला, तर नोंद चुकली असे समजू नका.

पंखभार आणि घाट यांनीही सगळा फरक समजणार नाही. तिसरी बाब स्नायूंची. जेम्स मार्डेन यांनी १९८७ मध्ये दाखवले, की उडणारा प्राणी जास्तीत जास्त किती वजन उचलू शकतो ते त्याच्या उड्डाणाच्या स्नायूंच्या वजनाच्या प्रमाणात असते. चतुरांत हे प्रमाण मादी आणि नर, कोवळा आणि जून यांच्यात खूप बदलते. अंड्यांनी भरलेल्या मादीचे वजन वाढते, पंख मात्र तेवढेच राहतात. नुकताच कात टाकून बाहेर आलेला चतुर वजनाने हलका असतो, पण त्याचे स्नायू अजून भरलेले नसतात आणि पंख मऊ असतात. तो हळू उडतो आणि तुमच्या आलेखात नाहक ‘अपवाद’ म्हणून बसतो. त्याच्या पंखांवर तेलकट चकाकी दिसते. असे नमुने वेगळे काढा. नर-मादीही वेगळी खूण करून मांडा.

आता मोजमाप. पंखांसाठी जिवंत चतुर पकडायची गरज बऱ्याचदा पडत नाही. सोसायटीच्या जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली, रस्त्याकडेला मेलेले सापडतात आणि वाळलेल्या पंखाचे क्षेत्रफळ विश्वासाने घेता येते. येऊरचा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो आणि ठाणे खाडीचा काही पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिथून मेलेला कीटकही वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलू नका. पंख मुळाशी बारीक कात्रीने कापा, मिलिमीटरच्या आलेख कागदावर ठेवा, वर काचपट्टी ठेवून सपाट करा आणि फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा. मग १ मिलिमीटरला सुमारे २३.६ पिक्सेल मिळतात. इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन कागदाच्या रेघांवरून माप ठरवा आणि पंखाची कड रेखा. स्कॅनर नसेल तर चौकोन मोजा. अर्ध्याहून अधिक झाकलेला चौकोन धरायचा, कमी झाकलेला सोडायचा. मोबाइलचा फोटो चालेल, पण पंख फ्रेमच्या मध्यावर आणि कॅमेरा अगदी वरून हवा. बसलेल्या चतुराच्या फोटोवरून क्षेत्रफळ काढायचा मोह टाळा. चतुर पंख पुढे झुकवून बसतो, मागचा पंख पुढच्याखाली थोडा लपतो आणि क्षेत्रफळ नेहमी कमीच येते.

पंखाच्या टोकाजवळचा तो जाडसर रंगीत ठिपका, टेरोस्टिग्मा, कापताना तुटू देऊ नका. तो इवलासा भार म्हणजे पंखाचा समतोल आहे. नॉरबर्ग यांनी १९७२ मध्ये दाखवले, की तरंगताना ज्या वेगाला पंख थरथरू लागतो, ती मर्यादा या ठिपक्यामुळे १० ते २५ टक्के वर जाते. मोठ्या, वेगवान चतुराला त्याची गरज अधिक.

वजनासाठी मात्र ताजा कीटक लागतो. मेलेला चतुर भराभर वाळतो आणि त्याचे वजन काहीच सांगत नाही. परवानगी असलेल्या जागी जाळीत आलेला चतुर पंख पाठीवर मिटून बटर पेपरच्या त्रिकोणी पाकिटात ठेवा, पाकिटासह तोला, पाकिटाचे वजन वजा करा आणि लगेच सोडून द्या. सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमचा काटा पँटालासाठी चालून जाईल. १० मिलिग्रॅमची चूक ३०० मध्ये तीन टक्के होते. २५ मिलिग्रॅमच्या टाचणीसाठी तीच चूक ४० टक्के होते, तेव्हा तिथे कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मिलिग्रॅमचा काटाच हवा.

वेगाच्या नोंदीत मला सर्वांत जास्त गडबड दिसते आहे. तुम्ही स्टॉपवॉचने मोजलात आणि दुपारी ३ ते ५ मोजलात. दुपारी खाडीकडून आणि समुद्राकडून वारा असतो. तुम्हाला मिळाला तो जमिनीच्या तुलनेतला वेग. चतुराला हवेच्या तुलनेत किती वेग होता ते त्यातून कळत नाही. सकाळी ९ ते ११ मध्ये, झाडाची पाने हलत नसताना मोजा आणि एकाच चतुराच्या जाण्या-येण्याच्या दोन्ही फेऱ्यांची सरासरी घ्या. काठाशी समांतर ५ मीटरवर दोन बांबू रोवा, फोन त्या रेषेला काटकोनात १० मीटर दूर तिवईवर ठेवा आणि स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमवर चित्रण करा. दोन बांबूंमध्ये ३०० फ्रेम लागल्या तर वेळ १.२५ सेकंद आणि वेग सेकंदाला ४ मीटर. बांबूंच्या रेषेवरून गेलेल्याच फेऱ्या घ्या. कॅमेऱ्याजवळून गेलेला चतुर उगाच वेगवान दिसतो. मध्यम चतुर सेकंदाला ३० ते ४० वेळा पंख मारतो. २४० फ्रेमवर एका फटक्याला सहा ते आठ चित्रे मिळतात, तेवढ्यात फटके मोजता येतात. १२० फ्रेमवर तीन-चारच मिळतात, त्यावर विसंबू नका.

तरीही एक अडचण राहतेच. हा चतुराने त्या क्षणी निवडलेला वेग आहे, त्याची कमाल ताकद नाही. हद्द राखणारा नर गस्त घालताना मुद्दाम हळू जातो आणि दुसरा नर आला की झेपावतो. ब्रॅकिथेमिस, ऑर्थेट्रम हे बहुतेक वेळ काडीवर बसून छोट्या झेपा घेणारे. पँटाला, अ‍ॅनॅक्स तासन्‌तास हवेतच. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे लिहा: गस्त, पाठलाग, शिकार की नुसते जाणे. एकाच प्रकारच्या उड्डाणांची तुलना करा. इंटरनेटवर चतुराचा वेग ताशी ९७ किलोमीटर म्हणून सांगितला जातो. त्याच्याशी आपले आकडे ताडून निराश होऊ नका. नीट मोजलेल्या नोंदींत मोठे चतुरही झेपावताना सेकंदाला साधारण १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास जातात.

तापमानही लिहा. मोठा चतुर पंखांच्या स्नायूंची उष्णता वक्षात साठवू शकतो आणि ती जास्त झाली की रक्त उदराकडे वळवून बाहेर टाकतो, त्यामुळे गार सकाळीही तो लवकर उडू लागतो. लहान टाचणीची ऊब टिकत नाही, तिला उन्हाची वाट पाहावी लागते. सकाळी ८ ला घेतलेला टाचणीचा वेग आणि ११ ला घेतलेला चतुराचा वेग एका आलेखावर ठेवलात, तर त्यात उन्हाचाच फरक दिसेल.

आलेख काढताना वजन (आडव्या अक्षावर) आणि क्षेत्रफळ (उभ्या अक्षावर) दोन्ही लॉगमध्ये घ्या. सगळ्या जाती एकाच प्रमाणात वाढल्या असत्या तर रेषेचा उतार ०.६७ आला असता. तुमचा उतार त्याहून वर आला तर मोठ्या जातींनी वजनाच्या मानाने पंख जास्त वाढवले आहेत, खाली आला तर कमी. टाचण्या आणि चतुर एकाच रेषेत ओवू नका, दोघांची बांधणीच वेगळी आहे. शिवाय एकाच कुळातल्या जाती नात्यामुळेही सारख्या असतात, तेव्हा लिबेल्युलिडी कुळातल्या दहा जातींचे ठिपके म्हणजे दहा स्वतंत्र पुरावे धरता येत नाहीत. तुमच्या मुदतीत सर्वांत खरा निष्कर्ष हाती लागेल तो लिबेल्युलिडीच्याच आत तुलना केली तर: ब्रॅकिथेमिस, ऑर्थेट्रम, रायोथेमिस, पँटाला, शक्य झाल्यास ट्रॅमिया. प्रत्येकाचे ५ नर पुरेत. पँटालाची झुंड ऑक्टोबरनंतर विरळ होत जाते, म्हणून त्याची वजने आधी उरका. ब्रॅकिथेमिस घाईचा नाही, तो नंतरही सहज भेटेल.

आणि जुना लांबीचा रकाना खोडू नका. नव्या तक्त्यात वजन, चार पंखांचे क्षेत्रफळ, पंखभार आणि घाटाचा आकडा यांच्या शेजारी तो राहू द्या. त्याच २२ कीटकांपैकी जे ओळखता येतात त्यांच्यासाठी लांबी-वेग आणि पंखभार-वेग असे दोन आलेख शेजारी लावा. परीक्षकांना पहिल्या आलेखात ठिपके का विखुरले, हे तुम्हाला वेगळे सांगावे लागणार नाही.